माणिकबाईला एकदाच विचारलं

मी तापट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. तीस वर्षं अकोल्यात मनपाच्या शाळेत पोरं सांभाळली, त्यात आवाज जो चढला तो काही उतरला नाही. आमचे हे म्हणतात, "रागिणी, तू चहाला बोलावलंस तरी समोरचा हजेरी दिल्यासारखा उभा राहतो." असू दे. मला माझ्याबद्दल सांगायचं नाही, माणिकबाईबद्दल सांगायचं आहे. पण तिचं सांगायला बसलं की माझी लाज मधे येते, आणि ती गाळून सांगितलं तर सगळंच खोटं होईल.

माणिकबाई आमच्या जठारपेठेत मागच्या गल्लीत राहते. फुलपुडीवाली. पहाटे फुलबाजारातून टोपलं भरून आणायची, खोलीच्या ओट्यावर बसून पळसाच्या पानात पुड्या बांधायची आणि सात वाजायच्या आत चाळीस घरांच्या कडीला एकेक पुडी अडकवून मोकळी व्हायची. बेल वाजवणार नाही, हाक मारणार नाही. सोमवारी बेलाची पानं, मंगळवारी जास्वंद, गुरुवारी पिवळी शेवंती. कोणाच्या घरी कोणता देव, कोणाला निशिगंधाच्या वासानं शिंका येतात, सगळं तिच्या डोक्यात. घरात सुतक पडलं की पुडी बंद. सांगायला जावं लागत नसे. माझी सासू गेली तेव्हा तेराव्यानंतरच्या सकाळी पुन्हा पुडी आली, आणि त्यात सोनचाफ्याची दोन फुलं जास्त होती. सासूबाईंना सोनचाफा आवडायचा. मी सून असून विसरले होते.

माणिकबाई मूळची हिवरखेडची. सासरी भाजी आणि फुलांचा मळा होता. भाऊ वेगळे झाले तेव्हा नवरा, शेषराव, तिला घेऊन अकोल्याला आला आणि पाच-सहा वर्षांत तापानं गेला. पदरात एक पोरगा, गोपाल. त्याला तिनं फुलांवर मोठं केलं. तो नवरदेवाच्या गाड्या आणि मांडव सजवायचा, त्याची बायको जमुना गजरे ओवायची, आणि त्यांची एकुलती एक पोरगी दामिनी माझ्याच वर्गात होती. पाचवी ते सातवी. शाळेत कोणाचं ढोपर फुटलं की ही पट्टी बांधायला पुढं. "मी नर्स होईन मॅडम," म्हणायची. नुसतं म्हणायची नाही, बारावीला सायन्स घेऊन अमरावतीच्या नर्सिंग कॉलेजची माहितीही काढून बसली होती.

आता एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या वऱ्हाडात पहिलं 'नको' कोणी खरं धरत नाही. माणिकबाईला सकाळी दारात पकडून मी म्हणायची, "चहा घ्या."

"नोको वो मॅडम, आताच पेली."

"अहो, अर्धा कप."

"नोको, घरी सैपाक पडला हाये."

"मी ओतला आहे! आता काय मोरीत टाकू?"

"तुमी बी ना मॅडम," असं म्हणून मग ती बसायची, आणि चहाबरोबर दोन बिस्किटंही खायची. असंच असतं. पहिल्याच 'नको'ला जो कप मागं घेतो तो कंजूस ठरतो. माझ्या भावाची पुण्याची सून नवीन आली तेव्हा तिनं मामेसासऱ्यांच्या पहिल्या 'नको'वर पोह्यांची बशी उचलून आत नेली. बाप्पा! वर्षभर त्या बशीची चर्चा चालली घरात. मी तर सगळ्यात जास्त हसले होते. बिचारीला काय माहीत होतं? मला मात्र माहीत होतं.

वीस सालच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. देवळांना कुलपं लागली, लग्नं पुढं ढकलली, मयतीलासुद्धा मोजकी माणसं आणि हार नाही. धंदा बसणं म्हणजे काय असतं ते तेव्हा पाहिलं. हॉटेलवाला, रिक्षावाला, शिंपी, सगळ्यांचं बसलं. पण भाजी निदान हातगाडीवर विकता येत होती. फूल कोण घेणार? बाजारात झेंडूचे ढीग बकऱ्यांपुढं टाकत होते म्हणे. आमच्या कडीला पुडी यायची थांबली. दोन-चार दिवस चुकल्यासारखं वाटलं, मग सवय झाली. माझा पगार मात्र चालू होता, थोडा उशिरा का होईना. तेही सांगून ठेवते.

मे महिन्यात आम्हा शिक्षकांना काम लागलं. ज्यांच्याकडे रेशनकार्ड नाही अशा घरांची यादी करायची. माणशी पाच किलो तांदूळ, घरामागं किलोभर चणा, दोन महिने. माझ्या वाट्याला तीन दिवसांत ऐंशी घरं. फॉर्मवर शेवटी एक रकाना होता, मदत हवी की नको. कोरोनामुळं कोणाच्या हातात पेन द्यायचं नाही, तोंडी विचारायचं आणि आपणच लिहायचं, अशी सूचना होती.

माणिकबाईचं कार्ड हिवरखेडलाच राहिलं होतं, दिराच्या नावावर. इकडं कधी नवं काढलं नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे ती मला चुकून सापडलेली बाई नव्हती. पहिल्या दिवसापासून तिचं घर माझ्या डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी तिच्या दारापर्यंत पोचले तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. शेहेचाळीस डिग्री. तोंडाला मास्क, डोक्याला स्कार्फ, हातमोज्यात घामाचं पाणी. बाजूच्याच गल्लीत दोन पेशंट निघाले म्हणून पत्रे ठोकले होते, त्याचा जीवाला घोर. मी ओट्याच्या खालीच उभी राहिले आणि हाक मारली. माणिकबाई बाहेर आली. नाकावर पदर, आणि हातात घडी घातलेली कापडी पिशवी. स्वच्छ धुतलेली.

ती पिशवी पाहिली आणि माझी जीभ वळवळली. "काय माणिकबाई, पिशवी घेऊन कुठं निघालात? बाजार बंद आहे! पोलिसाची काठी खायची हौस आली का?"

माझा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. समोरच्या खिडकीत दुर्गाबाई बसली होती, ती खो खो हसली. मीही हसले.

"नाई वो, कुठी नाई," माणिकबाई म्हणाली आणि पिशवी पदराखाली घेतली.

मग मी फॉर्म वर धरून सरकारी आवाजात वाचलं, "शासनाची धान्याची मदत हवी आहे की नको?"

तिनं खिडकीकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. "आमचं भागते मॅडम. ज्याले गरज हाये त्याले द्या."

मी लिहिलं, तोंडी नकार.

बस्. एवढंच. अर्ध्या कप चहासाठी तीनदा गळ घालणारी मी, तांदळासाठी एकदा विचारलं आणि पुढच्या घराकडं वळले. दुसऱ्यांदा विचारायला काय लागत होतं? ओटा चढून दोन पावलं जवळ जायला काय झालं होतं? मला दिसलं नाही असंही नाही. फुलांची टोपली धुऊन एकावर एक उपडी घातली होती. भर दुपारी त्या घरातून फोडणीचा वास नव्हता. जमुना दाराकडं पाठ करून बसली होती, आणि दामिनी आत भिंतीला टेकून उभी होती. एरवी 'नमस्ते मॅडम' म्हणत धावत येणारी पोर जागची हलली नाही. मी सगळं पाहिलं आणि निघाले.

वर घरी येऊन माठातलं पाणी प्यायले आणि ह्यांना म्हणाले, "स्वाभिमान पाहावा तर माणिकबाईचा! घरी काही नसेल तरी म्हणते ज्याला गरज आहे त्याला द्या." हेच मी शाळेच्या ग्रुपवरही टाकलं. लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. आजही ते आठवलं की अंगाचा भडका होतो.

पुढं झालं असं, की सगळी मदत त्याच यादीवरून गेली. तांदूळ आले ते यादीवरून. कोणा मंडळानं तेल-डाळीचे डबे वाटले, तेही म्हणाले, मॅडमची यादी आहे ना, तीच द्या. मीच दिली. गोपाल सायकलवर हिवरखेडला गेला, रोजगार हमीच्या रस्त्यावर काम मिळतं का पाहायला. तिथं सांगितलं, तुझं नाव गावात नाही, तू अकोल्याचा. अकोल्यात त्याच्या घरापुढं मी 'नकार' लिहून बसले होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, त्यातली गत.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. जुलैत बारावीचा निकाल लागला. दामिनीनं मार्चमध्येच आपला नंबर माझ्या डायरीत लिहून ठेवला होता, "मॅडम, पहिल्यांदा तुमीच पाहाजा," म्हणून. मी पाहिला. ब्याऐंशी टक्के! मी नाचायचीच बाकी होते. पेढ्यांचं एक दुकान तेव्हा उघडलं होतं, तिथून पुडा घेतला आणि तशीच मागच्या गल्लीत गेले. ओट्याखालूनच ओरडले, "दामिनी! ए पोरी, बाहेर ये आधी!"

जमुना बाहेर आली.

"ते अठी नाई मॅडम. तिचं लगन झालं ना जूनमंदी. हिवरखेडले देली. मोजकेच मानसं बलावता येत होते, तुमाले सांगता नाई आलं."

"लग्न? अगं, निकाल लागायच्या आधी? अमरावतीचं काय झालं मग?"

जमुना रडली नाही, रागावली नाही. दुकानातला भाव सांगावा तसं सांगितलं, "कशाचं अमरावती, मॅडम. मे महिन्यात आमी एक टाइम जेवत होतो. मांगणी आली, मानसं चांगले होते, काही मांगितलं नाई त्यायनं. घरात एक ताट कमी झालं."

मी पेढ्याचा पुडा ओट्यावर ठेवला आणि घरी आले. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझाच फॉर्म काढून पाहिला. माझंच अक्षर. सुंदर, वळणदार, फळ्यावर असायचं तसं.

आमचे हे समजूत घालतात. "अगं, चाळीस किलो तांदळानं लग्न थांबलं असतं का? गरिबाघरी अठराची झाली की पोरगी देतातच." असेल. थांबलं नसतंही. पण ते कळायला आता मार्गच नाही ना! तांदूळ मिळाला असता आणि तरी लग्न झालं असतं, तर मी आज शांत झोपले असते. तेवढ्यापुरतं तरी नशीब तिचं होतं म्हणता आलं असतं.

त्या वर्षी गणपतीत पुन्हा कडीला पुडी आली. दूर्वांची जुडी आणि एक जास्वंद. तेव्हापासून रोज सकाळी ती पुडी येते आणि रोज सकाळी मला फॉर्म आठवतो. पुढल्या साली मी त्यांचं कार्ड करून दिलं, कार्यालयात पाच चकरा मारल्या, दोन बाबूंशी भांडले. बैल गेला आणि झोपा केला! माणिकबाई माझे पाय धरायला वाकली तेव्हा मी खेकसले तिच्यावर. तिला वाटलं असेल, मॅडमचा स्वभावच तसा.

पाच वर्षं मी तिला सांगितलं नाही. काय सांगणार होते?

या मे महिन्यात मी रिटायर झाले. शाळेत रागवायला पोरं उरली नाहीत, मग माझा राग माझ्याकडंच वळला. जूनमध्ये एका सकाळी उठले आणि तिच्या खोलीवर गेले. माणिकबाई आता सदुसष्टची आहे, गुडघे गेले, पुड्या गोपाल वाटतो. पण बांधते तीच. ओट्यावर बसून बेलाची पानं निवडत होती.

"बसा मॅडम. चहा मांडाले लावतो जमुनाले."

"नको, आत्ताच घेतला," माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

"अवो, अर्धा कप."

मी तिच्याकडं पाहतच राहिले आणि माझा बांध फुटला. ओट्यावर बसून, भर सकाळी, माणसं जात-येत असताना मी रडले. म्हटलं, "माणिकबाई, त्या मे महिन्यात मी तुम्हाला एकदाच विचारलं. मला कळायला हवं होतं. मी मुद्दाम नाही केलं, पण मी केलं."

तिचे हात थांबले नाहीत. तीन-तीन पानांचे बेल वेगळे करत राहिली. म्हणाली, "मले वाटलं होतं गाडी तुमच्या मांगं येऊन राह्यली."

"कोणती गाडी?"

"धान्याची. दुर्गाबाई म्हने, मॅडम तांदूळ वाटून राह्यल्या घरोघरी. म्हनून मी पिशवी धुतली. मॅडमपुढं मळकी पिशवी कशी धरू?" ती थोडी हसली. "तुमी पिशवीवरूनच बोलल्या. मंग मले लाज वाटली."

ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणून आम्ही लोकांना नावं ठेवतो. इथं भांडं घेऊन बाई दारात आली होती, आणि तिला ते लपवायला मी लावलं होतं. चार लोकांत. हसून.

"माणिकबाई, मी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर?"

"हो म्हनलं असतं ना," ती म्हणाली. "तुमी गेल्यावर मी लय वेळ दारातच उभी होती. म्हनलं, मॅडम हाये, वापस येतीन."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी डोळे पुसले आणि जे काम घेऊन आले होते ते काढलं. पर्समध्ये अमरावतीच्या एका नर्सिंग कॉलेजची माहिती होती. बारावीनंतर खंड पडला तरी चालतो, वय बसतं, मुलींचं वसतिगृह आहे, मी चौकशी करून आले होते. "दामिनीला विचारू का?"

माणिकबाईनं बेलाची जुडी बांधली, दोरा दातानं तोडला. "इचारा. पन एक डाव इचारून वापस नोका येऊ."

हिवरखेडला मी बसनं गेले. दामिनीचा नवरा चंदन घरी होता; भला पोरगा आहे, खोटं कशाला बोलू. त्यानं खुर्ची पुसून दिली, "मॅडम, तुमी बोला, मी वावरातून येतो," म्हणाला आणि गेला. दामिनी तेवीसची झाली आहे. कडेवर तीन वर्षांची पोरगी, आरती. ढोपर फुटलेल्या आरतीला पट्टी बांधलेली होती, नीट, दवाखान्यात बांधतात तशी.

मी कागद पुढं ठेवले आणि सगळं समजावून सांगितलं.

"नोको मॅडम. अठी घरचं काम कोन करन?"

"चंदनशी मी बोलते. सासूबाईंशी बोलते. कर, दामिनी."

"नोको. लेकरू लहान हाये."

"तुला ब्याऐंशी टक्के होते, पोरी. मी पेढे घेऊन आले होते. तिसऱ्यांदा विचारते, नाहीतर चौथ्यांदाही विचारीन. करशील का?"

तिनं आरतीला खाली सोडलं. कागदावरून हात फिरवला, वाचला नाही. मग माझ्याकडं पाहिलं, त्या दिवशी भिंतीला टेकून पाहिलं होतं तसंच.

"मॅडम, तवा आजीले एकदाच काहून इचारलं तुमी?"

बसमध्ये दोन तास मी याच प्रश्नाची उत्तरं जुळवत आले होते. फॉर्ममध्ये जागा नव्हती. वरून घाई होती. आजाराची भीती होती. सगळी खरीच होती. पण पोरगी माझ्या वर्गातली, तिच्यापुढं खोटं बोलता येईना.

"ऊन होतं," मी म्हणाले. "आणि मला घरी जायचं होतं."

तिनं मान हलवली. वर्गात बरोबर उत्तर आलं की मी हलवायचे तशी. आत गेली. भांड्यांचा आवाज आला. चहा घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवला. मी नको म्हटलं नाही.

"यंदा नाई जमनार मॅडम," ती कागदांची घडी घालत म्हणाली. "खरंच नाई. आरती अजून माह्याशिवाय झोपत नाई. ते शाळेत जाऊ लागली का पाहू." घडी घातलेले कागद तिनं मला परत दिले नाहीत. फळीवरच्या डब्याखाली ठेवले. मग दाराशी येऊन, माझी चप्पल सरळ करत विचारलं, "पुढच्या वर्षी याल का इचाराले?"

"येईन," मी म्हटलं.

"खरंच याल ना?"

तिनंही दोनदा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, येईन, आणि बस धरली.